टक्केवारी वजा जाता उरलेला रस्ता

मोजपट्टी

सार्वजनिक बांधकामातल्या भ्रष्टाचाराचा विषय निघाला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा: किती टक्के खाल्ले? दहा, पंधरा की वीस? आणि मग मनातल्या मनात हिशेब मांडतो की शंभरातले वीस गेले तरी ऐंशीचं काम तर झालं. हा हिशेब मुळातूनच चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

लाच दिलेला कंत्राटदार ती घरून आणत नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१४ साली परदेशी लाचखोरीच्या ४२७ निकाली प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या ५७ टक्के प्रकरणांत लाच दिली गेली ती सरकारी कंत्राट मिळवण्यासाठी. सरासरी लाच व्यवहाराच्या १०.९ टक्के होती. हा आकडा सगळे सांगतात, पण त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: ती लाच म्हणजे त्या व्यवहारातल्या नफ्याचा ३४.५ टक्के हिस्सा होता. नफ्याचा तिसरा हिस्सा वाटून टाकणारा माणूस तो कुठून तरी भरून काढणारच. एक तर दर फुगवून, नाही तर काम सुरू झाल्यावर 'वाढीव काम' काढून, नाही तर मालात मारून. आणि यातलं काहीही करायचं तर देखरेख करणाऱ्याला आपल्या बाजूला ओढावं लागतं. एकदा तो माणूस फुटला की काम वीस टक्क्यांनीच खराब होईल याची हमी कोण देणार? तिथून पुढे मर्यादाच राहत नाही.

दर किती फुगतात याचं मला माहीत असलेलं सगळ्यात लख्ख उदाहरण मिलानचं आहे. १७ फेब्रुवारी १९९२ ला तिथल्या एका सार्वजनिक वृद्धाश्रमाचा प्रमुख मारिओ किएझा साफसफाईच्या ठेकेदाराकडून लाच घेताना पकडला गेला. त्यातून इटलीभर चौकशांचं सत्र सुरू झालं आणि त्यात प्रस्थापित पक्षच्या पक्ष कोसळले. अभ्यासकांनी नंतर बांधकामाचे खर्च पडताळले. मिलान मेट्रोचा खर्च १९९१ मध्ये किलोमीटरला २२.७ कोटी डॉलर होता, १९९५ मध्ये तो ९.७ कोटींवर आला. त्या काळातली मंदी आणि जमिनीतला फरक यांचा वाटा वजा केला तरी जी तफावत उरते ती पाहा. लाच काही साठ टक्के नव्हती. लाचेमुळे जी स्पर्धा मेली, तिची ती किंमत होती.

माझा मुद्दा एवढाच आहे: चोरलेला पैसा हे नुकसानाचं सगळ्यात लहान कलम आहे. काय बांधायचं, कुठे बांधायचं, कशाची दुरुस्ती टाळायची हे सगळं चोरीच्या सोयीने ठरू लागतं, ते खरं मोठं नुकसान. तुमचं मत सांगा. या क्षेत्रात काम केलेल्यांनी तर जरूर लिहा.

हिशेबनीस

धागा आवडला. 'वाढीव काम' तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण खरी मेख तिथेच आहे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली म्हणजे व्यवहार स्वच्छ, असा लोकांचा समज असतो. आकडे घेऊन दाखवतो, उदाहरण काल्पनिक आहे.

समजा खोदकामाचं कंत्राट आहे. अंदाजपत्रकात माती ९,००० घनमीटर आणि कठीण खडक १,००० घनमीटर धरलाय. सरळ माणूस मातीला १० आणि खडकाला ५० असा दर भरतो. एकूण १,४०,०००. दुसऱ्याला आतून कळलेलं आहे की चाचणी-बोअरमध्ये खडक भरपूर लागलाय आणि अंदाजपत्रकात तो मुद्दाम कमी दाखवलाय. तो मातीला ५ आणि खडकाला ९० भरतो. एकूण १,३५,०००. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, तोच. सगळं नियमाने, सगळ्यांसमोर, लिफाफे उघडून.

आता प्रत्यक्षात माती निघते ४,००० आणि खडक ६,०००. सरळ माणसाचं बिल झालं असतं ३,४०,०००. याचं होतं ५,६०,०००. वरचे २,२०,००० कोणत्याही लाचेच्या नोंदीत दिसणार नाहीत. लेखापरीक्षणात मोजमाप बरोबर, दर मंजूर, सह्या जागच्या जागी. चोरी झाली ती अंदाजपत्रक लिहिताना, निविदा निघायच्या आधी.

उत्तररात्र

@हिशेबनीस, हे वाचून डोकं गरगरलं. पण ई-निविदा आल्यापासून हे प्रकार कमी झाले नाहीत का? सगळं ऑनलाइन, कोण कुणाला भेटत नाही.

हिशेबनीस

काही प्रकार नक्की कमी झाले. पूर्वी निविदेचा अर्ज विकत घ्यायला गेलेल्या माणसाला दारातच अडवायचे, शेवटच्या दिवशी पेटीच जागेवर नसायची, ते थांबलं. कोण स्पर्धेत आहे हे अर्ज विक्रीच्या नोंदवहीतून फुटायचं, तेही बऱ्यापैकी थांबलं. दक्षिण कोरियाने २००२ पासून सगळी सरकारी खरेदी एका ऑनलाइन प्रणालीवर आणली आणि तिची जगभर वाहवा झाली. ती रास्तच होती. पण त्याच देशात चार मोठ्या नद्यांच्या प्रकल्पात बड्या बांधकाम कंपन्यांनी टप्पे आपसांत वाटून घेतल्याचं तिथल्या स्पर्धा आयोगाला आढळलं आणि २०१२ मध्ये दंड झाले. कंपन्यांनी बाहेर बसून रिंग केली, म्हणजे कोण जिंकणार ते आपसांत ठरवलं असेल तर संगणक काय करणार? त्याच्याकडे वेळेत आलेल्या, नियमात बसणाऱ्या निविदाच पोहोचतात.

शिवाय अटी. 'मागच्या पाच वर्षांत अमुक लांबीचा, अमुक पद्धतीचा पूल बांधलेला असावा' अशी अट घातली की मैदानात एकच माणूस उरतो. ती अट लिहिणारा हात ऑनलाइन नसतो.

जुनाजाणता

मला यात थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. हे सगळं कमकुवत राज्ययंत्रणेचं लक्षण आहे. जिथे न्यायालयं चालतात, पगार बरे आहेत, वृत्तपत्रं मोकळी आहेत, तिथे बांधकामात एवढी कीड लागत नाही. मूळ रोग दारिद्र्य आहे आणि भ्रष्टाचार हा त्याचा ताप आहे, असं मला वाटतं. विकास झाला की तो आपोआप उतरतो.

मोजपट्टी

@जुनाजाणता, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण नेदरलँड्स पाहा. पगार बरे, न्यायालयं खंबीर, पत्रकार मोकळे. तरी २००१ मध्ये आद बॉस नावाच्या बांधकाम कंपनीच्या माजी संचालकाने समांतर हिशेबाच्या वह्या उघड केल्या तेव्हा कळलं की निविदेआधी कंपन्या एकत्र बसून काम कुणाला द्यायचं ते ठरवत होत्या, हरणाऱ्यांना ठरलेली भरपाई मिळत होती आणि ती वसूल होत होती अर्थातच सरकारी बिलातून. २००२ मध्ये संसदीय चौकशी झाली. हा प्रकार एका-दोघांचा नव्हता, त्या धंद्याची ती रीतच झाली होती. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातही तेच. २०११ मध्ये नेमलेल्या शार्बोनो आयोगासमोर माँट्रियलच्या कामांमधली साखळी आणि पक्षनिधीसाठी कापली जाणारी तीन टक्के रक्कम यांच्या साक्षी झाल्या.

आणि बॉस यांचं काय झालं? नोकरी गेली, घर गेलं, कित्येक वर्षं कॅम्पर गाडीत राहावं लागलं, वर खटलाही त्यांच्यावरच चालला. श्रीमंत देशात. तेव्हा विकासाची वाट बघत बसलो तर हा ताप उतरत नाही असं मला वाटतं.

साइटवरचा

रस्त्याच्या कामांवर गुणनियंत्रणात बरीच वर्षं काढली आहेत. मालात मारणं म्हणजे नेमकं काय ते लिहितो, कारण लोकांना वाटतं डांबर कमी घातलं एवढंच.

तयार रस्त्यातून कोअर काढतात, हाताच्या मनगटाएवढा गोल तुकडा. तो हातात घेतला की सगळं समोर असतं. वरचा थर, त्याखालचा थर, दोन्हींची जाडी पट्टीने मोजता येते. चांगला कोअर अखंड निघतो. वाईट कोअर मशीनमधून निघतानाच थराथरांत सुटतो, म्हणजे खालच्या थरावर डांबराचा चिकट हात नीट मारलाच नव्हता. कधी खडी बोटाने उकरता येते. पण कोअर कुठे घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं, आणि 'कुठे' हे कंत्राटदाराला कळलेलं असतं. त्या दोन-चार जागी थर पुरा असतो. काँक्रीटच्या क्यूबचंही, म्हणजे ताकद तपासायला साच्यात भरलेल्या ठोकळ्याचंही तसंच. साच्यात भरायला वेगळं, जास्त सिमेंटचं मिश्रण बाजूला कालवलेलं असतं. प्रयोगशाळेत तो क्यूब झकास ताकद दाखवतो. तुळईत मात्र दुसराच माल गेलेला असतो.

आता @मोजपट्टींच्या मुद्द्याला धरून सांगतो. थराची जाडी दहा टक्क्यांनी मारली की आयुष्य दहा टक्क्यांनी कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट घटतं. कारण चाकाच्या भाराने होणारी इजा सरळ रेषेत वाढत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये वर्तुळाकार रस्ते बांधून त्यांवर लष्करी ट्रक दोन वर्षं फिरवले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरात आहे: आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची इजा सुमारे सोळा पट. रस्ता पातळ केला की तोच ट्रक त्या रस्त्यापुरता जास्त जड होतो. दाबाईचंही तसंच. रोलरच्या फेऱ्या वाचवल्या तर डिझेल वाचतं थोडंसं, पण थरात पोकळ्या राहतात, पाणी शिरतं आणि डांबर खडीला सोडतं. कंत्राटदार वाचवतो चार पैसे, रस्ता जातो अर्ध्या आयुष्यात.

एका कामावर मी नमुने नापास केले, तर आठवड्याभरात माझ्या जागी दुसरा माणूस आला. लेखी काहीच नव्हतं. नमुने परत 'घेतले' गेले आणि पास झाले. मला त्याचा आजही संताप येतो.

पाणलोट

@साइटवरचा, वाचून फार वाईट वाटलं. लिहिल्याबद्दल आभार.

मालात मारणं ही निदान अशी चोरी आहे की काहीतरी बांधलेलं असतं. फिलिपाइन्समध्ये २०२५ साली पूरनियंत्रणाच्या कामांचा जो घोटाळा बाहेर आला त्यात तेवढंही नव्हतं. अध्यक्ष मार्कोस यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केलं की सुमारे ५४५ अब्ज पेसोंच्या कामांपैकी पाचवा हिस्सा फक्त १५ कंत्राटदारांकडे गेलाय. मग ते बुलाकान प्रांतात नदीकाठची काँक्रीट भिंत पाहायला गेले. साडेपाच कोटी पेसोंचं काम, कागदावर पूर्ण, बिल चुकतं. जागेवर भिंतच नव्हती.

पुराच्या कामातली चोरी मला सगळ्यात क्रूर वाटते. रस्ता खराब झाला तर रोज दिसतो, लोक ओरडतात. भिंत नाही हे कळतं ते पाणी आल्यावर. तोवर तिच्या भरवशावर माणसं काठाला राहत असतात.

उत्तररात्र

मग लोकांनीच लक्ष ठेवलं तर? ज्यांच्या दारातून रस्ता जातो त्यांना सभेला बोलावायचं, हिशेब वाचून दाखवायचा. सरकारी तपासणीवर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

मोजपट्टी

यावर एक सुंदर प्रयोग झालाय, आणि त्याचा निष्कर्ष मला स्वतःला अनपेक्षित होता. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने इंडोनेशियातल्या सहाशेहून अधिक गावांच्या रस्त्यांवर तो केला, निबंध २००७ मध्ये आला. काही गावांना सांगितलं की तुमचं लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ही शक्यता ४ टक्के होती, ती थेट १०० टक्के केली. काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभांची शेकड्यांनी निमंत्रणं वाटली, निनावी तक्रारपत्रिका दिल्या.

मग चोरी मोजली, आणि मोजण्याची पद्धत @साइटवरचा यांना आवडेल. स्वतंत्र अभियंते पाठवून तयार रस्ते खणले, नमुने घेऊन खडी-वाळू किती पडलीय ते काढलं, आसपासच्या पुरवठादारांकडून भाव घेतले आणि गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. थोडा माल काम करतानाच वाया जातो. तो चोरीत धरला जाऊ नये म्हणून आधी छोटे प्रामाणिक रस्ते बांधून स्वाभाविक घट किती ते मोजून घेतलं होतं.

नक्की तपासणी होणार म्हटल्यावर गहाळ खर्च सुमारे ८ टक्के अंकांनी घटला. लोकसहभागाचा सरासरी परिणाम फारसा नव्हता. मजुरीतली चोरी थोडी घटली, कारण आपली मजुरी बुडाली हे माणसाला कळतं. मालातली चोरी मात्र सभेत बसून दिसत नाही, त्यामुळे गळती तिकडे वळली. आणखी एक गोष्ट: जिथे तपासणी पक्की होती तिथे पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. एक भोक बुजवलं की पाणी दुसऱ्या भोकातून येतं. तरी ८ अंक ही लहान गोष्ट नाही, आणि तो परिणाम 'अविश्वसनीय' सरकारी तपासणीचा होता.

जुनाजाणता

नेदरलँड्सची माहिती मला नवीन होती, आभार. पण तपासण्या वाढवा म्हणताना दुसरी बाजूही पाहावी लागेल. चौकशीच्या धसक्याने अधिकारी सहीच करत नाहीत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, काम वर्षभर लांबतं, तोवर अंदाजपत्रक जुनं होतं आणि सुधारित अंदाजपत्रकातून खर्च वाढतोच. शिवाय सगळ्यात कमी दराच्या आग्रहापायी चांगला कंत्राटदार बाहेर फेकला जातो तो वेगळाच. प्रामाणिक अधिकाऱ्याने अनुभव पाहून थोड्या जास्त दराने काम दिलं तर पहिली चौकशी त्याचीच लागते.

हिशेबनीस

हे अगदी खरं आहे. आणि भ्रष्ट माणसाचे कागद चोख असतात, हे वरच्या माझ्या उदाहरणातही दिसेल. म्हणून कागद तपासणाऱ्या चौकशीपेक्षा जमिनीवर जाऊन मोजणारी तपासणी हवी. इंडोनेशियात तेच उपयोगी पडलं.

मोजपट्टी

@जुनाजाणता, सहमत. उशिराची किंमत मोठी असते आणि ती कुणाच्याच नावावर पडत नाही.

धागा सुरू करताना दुरुस्तीचा उल्लेख केला होता, तो राहिलाच. व्हिटो तांझी आणि हमीद दावूदी यांनी १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी केलेल्या अभ्यासात अनेक देशांची आकडेवारी एकत्र मांडली. निष्कर्ष असा की भ्रष्टाचार जास्त तिथे सार्वजनिक गुंतवणूक कमी नव्हे, *जास्त* दिसते. पण देखभाल-दुरुस्तीवरचा खर्च कमी आणि रस्ते, वीज यांची प्रत खालची. म्हणजे बांधकाम जोरात चालू आहे यावरून विकास चाललाय असं मानणं किती फसवं आहे पाहा. नव्या मोठ्या कंत्राटात टक्केवारी एकगठ्ठा निघते. गटारं साफ करणं, पुलाचे बेअरिंग बदलणं, भेगा बुजवणं ही कामं किरकोळ, वारंवार करायची आणि उद्घाटनाविना. त्यात कुणाला रस नसतो. उलट दुरुस्ती टाळली तर पाच वर्षांनी रस्ता मुळापासून नव्याने बांधावा लागतो आणि नवीन निविदा निघते. टिकाऊ रस्ता त्या साखळीच्या दृष्टीने तोट्याचा आहे. हे वाक्य लिहिताना मला खरंच त्रास होतोय, पण आहे ते असं आहे.

गोल्डन आणि पिच्ची या दोन अभ्यासकांनी इटलीचीच आकडेवारी घेऊन २००५ मध्ये भ्रष्टाचार मोजायची एक युक्ती काढली. प्रत्येक प्रांतात आजवर पायाभूत सुविधांवर किती पैसा गेला आणि प्रत्यक्षात किती किलोमीटर रस्ते, लोहमार्ग, किती शाळा-इस्पितळं उभी आहेत, या दोन्हींतली तफावत पाहायची. लोकांना 'भ्रष्टाचार वाटतो का' असं विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाणलोट

शिक्षा कुणाला होते का पण? लाच घेणारा खालचा माणूस सापडतो, देणारी कंपनी नाव बदलून परत हजर.

मोजपट्टी

होते, क्वचित. ब्राझीलच्या ओडेब्रेश्त या बांधकाम कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केलं की बारा देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाचेपोटी दिले. त्यासाठी कंपनीत स्वतंत्र विभाग होता आणि त्याची वेगळी संगणकप्रणाली होती. त्याच कंपनीकडून लाच घेऊन महासागरांना जोडणाऱ्या महामार्गाचं काम दिल्याबद्दल पेरूचे माजी अध्यक्ष तोलेदो यांना २०२४ मध्ये वीस वर्षं सहा महिन्यांची शिक्षा झाली.

पण मला जास्त अभिमानास्पद वाटतं ते लेसोथो. चिमुकला देश, डोंगरातल्या धरणांचा अवाढव्य प्रकल्प. प्रकल्पाचा प्रमुख मासुफा सोले याची स्विस बँकेतली खाती त्यांनी न्यायालयीन लढा देऊन उघडायला लावली. २००२ मध्ये तो दोषी ठरला. एवढ्यावर न थांबता लाच देणाऱ्या बड्या परदेशी कंपन्यांवर खटले चालवून त्यांनाही दोषी ठरवलं. त्यातल्या कॅनडाच्या कंपनीला २००४ मध्ये जागतिक बँकेने कंत्राटांतून बाद केलं. खटल्याचा खर्च त्या देशाला जड होता, तरी त्यांनी तो केला.

उत्तररात्र

शेवटचं विचारते. माझ्यासारख्या, अभियांत्रिकीतलं काही न कळणाऱ्या माणसाने माहिती मागायची तर नेमकी कोणती मागायची? निविदा तर वेबसाइटवर असतेच.

हिशेबनीस

युक्रेनने २०१६ पासून सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या प्रणालीवर सक्तीची केली, तिथे हरलेल्यांच्या निविदा आणि करारातले बदलही कुणालाही पाहता येतात. तोच नमुना धरा. निविदा मागू नका, ती सगळ्यात स्वच्छ कागद असते. मंजूर अंदाजपत्रकातली परिमाणं आणि अंतिम बिलातली परिमाणं, दोन्ही बाबवार मागा आणि शेजारी शेजारी ठेवा. ज्या बाबीचं परिमाण दुप्पट-तिप्पट झालं असेल तिचा दर बघा, तो इतर निविदांपेक्षा चढा आहे का. आणि हरलेल्या निविदाकारांची यादी उपकंत्राटदारांच्या यादीशी ताडून बघा. हरलेला माणूस त्याच कामावर पेटी कंत्राटदार (उपकंत्राटदार) म्हणून दिसला तर रिंगची शक्यता दाट.

साइटवरचा

यात एक भर. कोअरच्या अहवालात साखळी क्रमांक लिहिलेले असतात, म्हणजे नमुना सुरुवातीपासून किती अंतरावर घेतला ते. ते अहवालही मागा. सगळे नमुने ठरावीक दोन-चार टप्प्यांतलेच असतील तर मधल्या टप्प्यांत, लेखी अर्ज देऊन, पुन्हा कोअर घ्यायला लावा, आणि जागा त्याच सकाळी चिठ्ठी काढून ठरवा असा आग्रह धरा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असण्याची मुदत, संपायच्या आत हे करा. तोवर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते आणि त्याची अनामत रक्कम अजून सरकारकडेच असते.